गरोदर बाईच्या कार्डावर 'लघवी निल' लिहिताना आपण काय तपासतो? आरोग्य आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून मोजणे), आणि ते जमणार नाही तिथे ग्रॅम स्टेन (लघवीचा थेंब काचेवर रंगवून मायक्रोस्कोपखाली जंतू पाहणे)

महोदय,

सत्तावीस वर्षे मी सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आधी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, नंतर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. थुंकीच्या आणि मलेरियाच्या काचा किती पाहिल्या याची मोजदाद नाही, आणि गरोदर बायकांच्या लघवीत किती पट्ट्या बुडवल्या याचीही नाही. त्यातल्या एका पट्टीपायी हे पत्र लिहिते आहे.

पहिलटकरीण होती, वीस-एकवीस वर्षांची. तिसऱ्या महिन्यात सासूबरोबर नाव नोंदवायला आली. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, साखर, सगळे झाले. लघवीची पट्टी मीच पाहिली आणि कार्डावर लिहिले: अल्ब्युमिन निल, साखर निल. तिला काहीच त्रास नव्हता. सातव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला. गावात आधी मलेरिया समजून, मग टायफॉइड समजून औषध झाले. उजव्या कुशीत बरगडीखाली ठणका होता, तो "बाळ त्या अंगाला आहे" म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. पाचव्या दिवशी तिला आमच्याकडे आणले तेव्हा ताप १०४ होता, नाडी धावत होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. जिल्हा रुग्णालयात पोचल्यावर ती बाळंत झाली, जवळजवळ दोन महिने आधी. बाळ तीन आठवड्यांहून जास्त एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात होते. दोघे वाचले. तिच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट पुढे तिच्या आईने मला आणून दाखवला: ई. कोलाय नावाचे आतड्यातले जंतू, मिलिलीटरला एक लाखाहून अधिक.

त्या आईने विचारले, "बाई, तुम्ही लघवी तपासली होती ना?"

तपासली होती. कार्डावरचे अक्षर माझेच होते आणि लिहिलेले खरे होते. पण त्या पट्टीवर दोनच चौकोन असतात, एक प्रथिनांचा आणि एक साखरेचा. जंतूंचा चौकोन त्यावर नसतोच. तिसऱ्या महिन्यात तिच्या लघवीत जंतू होते की नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही. आपण ते पाहिलेच नव्हते.

लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडच्या बायका "उन्हाळी लागली" म्हणतात. धण्याचे पाणी पितात, फारच झाले तर दवाखान्यात येतात. त्या बाईला निदान गोळ्या तरी मिळतात. मी जिच्याविषयी लिहिते आहे तिला उन्हाळी लागतच नाही. मूत्राशयात जंतू वाढत असतात आणि तिला ना जळजळ, ना ताप, ना ओटीपोटात दुखणे. डॉक्टर याला असिम्प्टोमॅटिक बॅक्टेरियुरिया म्हणतात. आशाताईंना समजावताना मी याला मुका संसर्ग म्हणायची. मुका मार जसा वरून दिसत नाही, तसा. दर शंभर गरोदर बायकांमागे साधारण दोन ते दहा जणींना तो असतो. बाई अंगावर काढते असेही म्हणता येत नाही, कारण काढायला अंगावर काही जाणवतच नाही.

एरवी धडधाकट, पोटुशी नसलेल्या बाईच्या लघवीत असे मुके जंतू सापडले तर औषध देऊ नये, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. मधुमेह असला तरी नाही, वय झालेले असले तरी नाही. शरीर त्यांना सांभाळून घेते. गरोदरपणात ते गणित बदलते. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैल पडतात, त्यांची लघवी पुढे ढकलण्याची गती मंदावते. वरून वाढते गर्भाशय त्यांना दाबते, आणि ते उजवीकडे थोडे कलत असल्यामुळे उजवी नळी जास्त दबते. लघवी साचते, आणि साचलेल्या लघवीतून जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. म्हणून हा ताप बहुधा गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात येतो आणि ठणका बहुधा उजव्या कुशीत असतो. त्या मुलीचा ठणका कुठे होता, ते वर लिहिलेच आहे.

ही गोष्ट जगाला आज कळलेली नाही. अमेरिकेत बोस्टनमध्ये एडवर्ड कास या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात लघवीतले जंतू मोजायची रीत बसवली आणि मिलिलीटरला एक लाख ही रेघ आखली. गरोदर बायकांमध्ये या रेघेपलीकडचे जंतू तसेच राहू दिले तर त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा ताप येतो, आणि वेळीच औषध दिले तर बहुतेकींचा टळतो, हेही त्यांनी दाखवले. त्या काळातल्या आणि नंतरच्या अभ्यासांत औषध न मिळालेल्यांपैकी शंभरात वीस ते चाळीस जणींना असा ताप आल्याचे आकडे आहेत.

मी कल्चर शिकले ते जिल्हा रुग्णालयातल्या प्रशिक्षणात. लघवीत बुडवायची तारेची लूप असते, तिच्या टोकाच्या कडीत बरोबर एक मायक्रोलीटर, म्हणजे मिलिलीटरचा हजारावा भाग मावतो. तेवढी लघवी प्लेटवर ओढायची आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांच्या पेटीत ठेवायची. सकाळी मॅकॉन्की नावाच्या माध्यमाच्या प्लेटवर ई. कोलायच्या गुलाबी टिकल्या उठलेल्या असतात. शंभर टिकल्या म्हणजे मिलिलीटरला एक लाख. आदल्या दिवशी जी बाई मला "काही त्रास नाही हो बाई" म्हणून गेली होती, तिची प्लेट सकाळी अशी गुलाबी झालेली मी पाहिली आहे. एकदा ते पाहिल्यावर "निल" लिहिताना हात थबकतो.

आता मुद्द्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणातल्या तपासणीच्या शिफारशी काढल्या. मुका संसर्ग शोधायचा तर मधल्या धारेच्या लघवीचे कल्चर करा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. कल्चर होत नसेल तिथे जागेवरच ग्रॅम स्टेन करा, पट्टीपेक्षा तो बरा. आणि संसर्ग सापडला तर सात दिवस प्रतिजैविक द्या. आपल्या राज्यातल्या कितीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत या तिन्हींपैकी काहीच होत नाही. केंद्र सरकारने १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात औषधे आणि तपासण्या मोफत दिल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. बाई येते, रांगेत बसते, डबीत लघवी देते. एवढे सगळे झाल्यावर त्या डबीत जंतू आहेत का, हे मात्र कोणी पाहत नाही.

नायट्राइट दाखवणारी पट्टी वापरा, असे मला अनेकदा सुचवले गेले. ती पट्टी रंगली तर जंतू बहुधा असतातच. पण रंगली नाही म्हणून जंतू नाहीत असे म्हणता येत नाही. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास राहावी लागते, आणि गरोदर बाईला तर सारखी लघवीला जावे लागते. शिवाय काही जंतू नायट्राइट बनवतच नाहीत. त्यांत ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आहे, जो बाळंतपणाच्या वेळी बाळाला बाधू शकतो.

खासगीत उलटी चूक होते, तीही मी पाहिली आहे. रुटीन लघवीच्या रिपोर्टवर "पू पेशी ६-८" असे आले की बाईला लगेच पाच दिवसांच्या गोळ्या. गरोदरपणात अंगावरून पांढरे जाते, त्यातल्या पेशी डबीत पडल्या तरी आकडा वाढतो. आणि ज्या बाईच्या लघवीत एक लाख जंतू आहेत तिच्या रिपोर्टवर पू पेशी दोन-तीनच असू शकतात. म्हणजे जिला नको तिला औषध मिळते आणि जिला हवे ती निल घेऊन घरी जाते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की पू पेशींवर औषध लिहिण्याआधी एक कल्चर लिहा. आमच्या गावात त्याला चार-पाचशे रुपये पडतात. मजुरी करणाऱ्या बाईला ते जड जातात, हे मला माहीत आहे. म्हणूनच सरकारकडे हे काम मागते आहे.

प्रत्येक आरोग्य केंद्रात कल्चरची प्रयोगशाळा उभारा, असे मी म्हणत नाही. ते होणार नाही हे मला तुमच्याइतकेच कळते. पण केंद्रात मायक्रोस्कोप आहे आणि तंत्रज्ञ आहे. जो तंत्रज्ञ मलेरियाची काच रंगवतो आणि टीबीची थुंकी पाहतो, त्याला ग्रॅम स्टेन परका नाही. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, रंग धुवायला अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. यंत्रात न फिरवलेल्या, आहे तशा लघवीचा थेंब काचेवर सुकवून रंगवायचा आणि तेलाच्या भिंगाखाली पाहायचा. दर क्षेत्रात एक जरी जंतू सापडत असला तरी मिलिलीटरला साधारण एक लाख धरता येतात. दहा मिनिटांचे काम आहे. ज्या बाईची काच अशी निघेल, तिची लघवी कल्चरला पाठवायची.

पाठवायची कशी, हा खरा अडथळा आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहायलाच हवे, कारण परिपत्रक निघते पण डबीचा विचार कोणी करत नाही. लघवी साध्या हवेवर दोन तासांहून जास्त राहिली की तिच्यात जंतू वाढत जातात आणि मग रिपोर्ट खोटा येतो. थंडीत, ४ अंशांवर, ती एक दिवस टिकते. बोरिक ॲसिड घातलेल्या डब्या मिळतात, त्यांत ती थंडीशिवायही टिकते. डिप स्लाइड नावाची गोष्ट आहे: प्लास्टिकच्या पात्यावर जंतू वाढवायचे माध्यम लावलेले असते, ते लघवीत बुडवून झाकण लावायचे आणि पाठवायचे. आपल्याकडे थुंकीचे नमुने केंद्रातून पुढे जातात, रक्ताचे नमुने गोळा करून नेण्याची महालॅबची व्यवस्था आहे. त्याच गाडीत लघवीची थंड पेटी बसवता येईल. फक्त ती लसींच्या पेटीत ठेवू नका.

आणि डबी भरायची कुठे? माझ्या पहिल्या केंद्रात बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती आणि बादलीत पाणी नसे. गरोदर बाई डबी पदराआड धरून इमारतीच्या मागे जायची. बऱ्याच जणी घरूनच आणायच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, झोपडीतून निघाल्यापासून तीन तास झालेली. अशा नमुन्याचे कल्चर केले तर चार प्रकारचे जंतू उगवतात आणि रिपोर्टवर "मिश्र वाढ, पुन्हा नमुना पाठवा" असे येते. पुन्हा ती येत नाही. तिचा दिवस बुडतो. म्हणून कल्चरच्या मागणीत मी कडी, नळ आणि साबणही धरते आहे, आणि तिला मराठीत, पावरीत, कोरकूत, गोंडीत, तिला कळेल त्या बोलीत सांगणारी बाईही धरते आहे: स्वच्छ पाण्याने धू, पहिली थोडी सोडून दे, मधली डबीत धर, उरलेली परत सोड, डबीच्या आत बोट लावू नकोस. एवढे नीट सांगितले तर निम्मे काम झाले. मी सांगितले आहे, आणि अंगठा लावणाऱ्या बायकांनीही पहिल्याच वेळी अगदी स्वच्छ नमुना दिला आहे.

त्याच्या पुढची गळती रिपोर्ट परतण्याची. कल्चरला दोन दिवस लागतात, कोणत्या औषधाने जंतू मरतो हे कळायला आणखी एखादा. तोवर बाई घरी गेलेली असते. मेसेज येतो तो नवऱ्याच्या फोनवर. बीडकडची बाई असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेली असते, आणि रिपोर्ट बंद घराच्या दारात येऊन पडतो. तिथे फडात संडास नाही, म्हणून ती दिवसभर पाणी कमी पिते आणि लघवी धरून ठेवते. ज्या बाईला धोका जास्त तिलाच रिपोर्ट मिळत नाही. रिपोर्ट बाईच्या आरसीएच क्रमांकाला, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाला जोडा. ती ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या सिस्टरला आणि आशाताईला तो दिसला पाहिजे. कार्डावर अल्ब्युमिन आणि साखरेखाली आणखी एक ओळ छापा: "लघवी कल्चर: तारीख, निकाल, औषध, पुन्हा तपासणी". कार्डावर रकाना असला की तो भरला जातो, नसला की कोणाला आठवत नाही. सत्तावीस वर्षांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिले.

औषधाचे काम डॉक्टरांचे आहे, मी त्यात शिरत नाही. एवढेच सांगते की रिपोर्टनुसार दिलेल्या सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन, नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या गोळ्या गरोदरपणात चालतात. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र अगदी शेवटच्या आठवड्यांत टाळतात, आणि जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना देत नाहीत. आपल्या आदिवासी भागांत ही कमतरता आढळते, म्हणून तिथे डॉक्टरांनी हे लक्षात ठेवावे. सिकलसेल असलेल्या बाईला लघवीच्या संसर्गाचा धोका अधिक असतो, तिच्या बाबतीत तर कल्चर चुकवूच नये.

कठीण असते ते गोळ्या पोटात जाणे. बाईला काहीच होत नाही आणि आपण तिला सात दिवस गोळ्या घ्यायला सांगतो. सासू म्हणते, पोटात लेकरू असताना एवढ्या गोळ्या कशाला, बरी तर आहे. आईसुद्धा तेच म्हणते. मला त्यांचा राग येत नाही. त्या लेकराच्या काळजीनेच बोलतात. आमच्याकडच्या एक आशाताई त्यांना सांगायच्या, "ज्वारीच्या कणग्यात टोका लागला तर वरून दाणा चांगलाच दिसतो. हात घातल्यावर पीठ लागतं." मग तिसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन गोळ्यांची पट्टी मोजायच्या. संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर करावे लागते, कारण बऱ्याच जणींमध्ये जंतू परत येतात. या फेरीसाठी आशाताईला मोबदला ठेवा. फुकटात तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकू नका.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. नेदरलँड्समधल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फारसा धोका नसलेल्या बायकांत, औषध न घेतलेल्यांपैकी शंभरात दोन-तीन जणींनाच मूत्रपिंडाचा ताप आला. जुन्या आकड्यांपेक्षा खूपच कमी. मग एवढी धडपड आणि एवढी प्रतिजैविके कशाला, असे काही डॉक्टर विचारतात. त्या देशातली बाई ताप आल्याच्या दिवशी डॉक्टरांपुढे असते. आपली बाई पाचव्या दिवशी येते, अशक्त असते, बऱ्याचदा रक्त कमी असते. त्या आकड्यावर मी आपल्या बायकांचा निर्णय करणार नाही. प्रतिजैविकांचा धाक मात्र मला त्यांच्याइतकाच आहे. अलीकडच्या वर्षांत प्लेटवर औषधाच्या चकत्यांभोवती जंतूंनी मोकळी जागाच सोडलेली नाही, म्हणजे औषध लागूच पडत नाही, असे किती वेळा पाहिले. म्हणूनच अंदाजाने गोळ्या नकोत, कल्चर हवे.

महोदय, २०१८-२० च्या एसआरएस या जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्राचा माता मृत्यूदर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, केरळनंतर देशात सर्वात कमी. तो तुमच्या खात्यातल्या सिस्टरांनी, आशाताईंनी, डॉक्टरांनी आणला आहे. त्या लोकांकडून हे काम होणार नाही, असे मला कोणी सांगू नये.

सगळ्या राज्यात एकदम नको. एका जिल्ह्यात सुरू करा, एक वर्ष करा, आणि नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक बाईची मधल्या धारेची लघवी पाहा. शंभरात किती जणींना मुका संसर्ग निघतो ते आपले आपल्याला कळेल, त्यासाठी दुसऱ्या देशाच्या आकड्यांवर विसंबावे लागणार नाही. ग्रॅम स्टेनचे प्रशिक्षण एका दिवसात होते. मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळ आहे. बोलवाल त्या केंद्रात मी एसटीने येईन, मानधन नको. तंत्रज्ञाने मायक्रोस्कोपचे तेलाचे भिंग तेवढे पुसून ठेवावे, आणि त्या दिवशी तपासणीला आलेल्या बायकांना लघवी द्यायला आतून कडी लागणारी एक जागा असावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ